चेंडू सुटायच्या आधी बघा

यावल तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे: "मुलगी नववीत आहे. शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर म्हणून तिची निवड झाली. तालुक्याच्या दोन मॅचेस मी मैदानाच्या कडेला उभा राहून पाहिल्या. मी लहानपणापासून क्रिकेटवाला, त्यामुळे फारसं काही कळलं नाही. अर्धा वेळ सगळ्या नुसत्या उभ्याच दिसल्या. तुम्ही इतकी वर्षं या खेळात आहात, पहाटे उठून अमेरिकेतल्या मॅचेसही बघता म्हणे. तुम्हाला यात एवढं काय दिसतं? आणि पुढच्या मॅचला गेलो तर मी नेमकं काय बघू?"

दादा, 'नुसत्या उभ्या' या तुमच्या शब्दांपासूनच सुरुवात करतो. मी जळगाव जिल्ह्यात सव्वीस वर्षं क्रीडाशिक्षक आहे. सॉफ्टबॉल-बेसबॉलचे संघ तयार केले, पंच म्हणून उभा राहिलो, स्कोअरशीट लिहिल्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मैदानाच्या कडेला शेळ्या घेऊन बसलेल्या एका बाबांनी मला विचारलं होतं, "हाऊ काय खेळ शे रे भो? खेळतस कमी, उभा ऱ्हातस जास्त." तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. तुम्हाला देतो.

त्या नुसत्या उभ्या नसतात. दोन चेंडूंच्या मधल्या त्या दहा-पंधरा सेकंदांत नऊ जणी पुढच्या चेंडूचा हिशोब मांडत असतात. तो हिशोब बरोबर आला, तर चेंडू सुटल्यावर जे होतं ते इतकं सोपं दिसतं की बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष. क्रिकेट बघून बघून आपली नजर चेंडूच्या मागे पळायला शिकली आहे. बेसबॉलमध्ये ती चेंडू सुटायच्या आधी मैदानभर फिरली पाहिजे. मला सांगायचं ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार.

आधी मोजणी समजून घ्या, कारण सगळा हिशोब तिच्यावर चालतो. होम प्लेट, म्हणजे बॅटरपुढे जमिनीत बसवलेली पाटी, १७ इंच रुंद असते, जेमतेम हातभर. तिच्या वरून, बॅटरच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतच्या चौकटीतून चेंडू गेला आणि बॅटरने तो सोडला, तर स्ट्राईक. चौकटीबाहेरून गेला आणि तिने बॅट फिरवली नाही, तर बॉल. बॅट फिरवून चुकली, तर चेंडू कुठूनही गेलेला असो, स्ट्राईकच. तीन स्ट्राईकला आऊट, चार बॉलला फुकटात पहिला बेस. बेस म्हणजे पळताना गाठायचे थांबे: पहिला, दुसरा, तिसरा, आणि फिरून होम प्लेटला पोचलं की एक रन. पंच बोटांनी जो आकडा दाखवतो त्यात बॉल आधी आणि स्ट्राईक नंतर. 'तीन-एक' असेल तर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, अडचणीत आहे, तिला चौकटीत टाकावंच लागणार आणि बॅटर दबा धरून बसलेली आहे. 'शून्य-दोन' असेल तर पारडं उलटं. पिचर आता मुद्दाम बाहेर टाकेल, आमिष दाखवेल. तोच चेंडू, तीच बॅटर, पण आकडा बदलला की दोघींची मनं बदलतात. हे एकदा दिसायला लागलं की उभं राहणं कंटाळवाणं वाटत नाही.

याचं मी पाहिलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण सांगतो. २२ मार्च २०२३, गुढीपाडव्याची सकाळ. अमेरिकेत मायामीला २१ तारखेची रात्र होती आणि जागतिक बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना चालू होता, जपान विरुद्ध अमेरिका. आमच्याकडे काठी धुऊन ठेवलेली, साखरेच्या गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा ताटात, आणि मी मोबाईल हातात घेऊन ओट्यावर. घरातून दोनदा हाक आली. मी म्हटलं, एक आऊट राहिला, तो झाला की गुढी उभारतो. नववा डाव, जपान ३, अमेरिका २, दोन आऊट. पिचर शोहेई ओतानी, समोर बॅटर माईक ट्राऊट. हे दोघं तेव्हा अमेरिकेत लॉस एंजेलिस एंजल्स या एकाच संघातून खेळायचे, एकमेकांची नस न् नस ओळखणारे. ओतानीने ताशी १६० किलोमीटरच्या आसपासचे चेंडू टाकून ट्राऊटला दोनदा हवेत बॅट फिरवायला लावली होती. मोजणी तीन-दोनवर आली. आता एक बॉल पडला तर ट्राऊट बेसवर, एक स्ट्राईक पडला तर विश्वचषक जपानचा.

ओतानीने श्वास सोडला, खांदा सैल केला. ट्राऊटने बॅटचं टोक एकदा हलवलं. त्या क्षणी तो वेगवान चेंडूच्या तयारीत असणार, कारण त्याच चेंडूने त्याला दोनदा चुकवलं होतं आणि तीन-दोनला पिचर बहुधा खात्रीचा चेंडू टाकतो. ओतानीने टाकला तो साधारण १४० चा स्वीपर. मधोमध येतोय असं वाटायला लावून प्लेटजवळ आडवा सरकत बाहेर गेला. ट्राऊटची बॅट रिकामी फिरली. चेंडू हवेत अर्धा सेकंदसुद्धा नव्हता. मॅच त्याआधीच्या पंधरा सेकंदांत ठरली होती, आणि ते पंधरा सेकंद ज्याने बघितले नाहीत त्याला फक्त एक माणूस चुकलेला दिसला. मी गुढी उभारली तेव्हा माझे हात थरथरत होते.

आता तुमच्या मुलीच्या मैदानावर येऊ. समजा पहिल्या बेसवर रनर आहे, एक आऊट झाला आहे आणि चेंडू अजून पिचरच्या ग्लोव्हमध्येच आहे. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, आणि सेकंड बेसवाली आपसात खूण करतात, चेंडू जमिनीवरून आला तर दुसऱ्या बेसवर कोण धावणार. दोघी दोन पावलं बेसकडे सरकतात, कारण एकाच चेंडूवर दोन आऊट काढायची संधी आहे. थर्ड बेसवाली बॅटरच्या हातांकडे बघते. हात बॅटवर वर सरकले तर बंट, म्हणजे बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू, येणार, मग तिला पुढे झेपावलं पाहिजे. फर्स्ट बेसवाली रनरला बेसजवळ बांधून ठेवायला एक पाय बेसपाशी ठेवून आहे. रनर तीन-चार पावलं पुढे आलेली, वजन दोन्ही पायांवर सारखं, पिचरची टाच उचलली की पळायचं की परतायचं हे तिला क्षणात ठरवायचं आहे. मागच्या तिघी वाऱ्याकडे आणि उन्हाकडे बघून आपापली जागा धरतात. यातलं काहीही स्कोअरबोर्डवर येत नाही.

आणि या सगळ्यांना हलवणारी एकच असते, तुमची मुलगी.

कॅचरला लोक क्रिकेटची विकेटकीपर समजतात. ते अर्धंच खरं. मैदानावरच्या आठ जणी होम प्लेटकडे तोंड करून असतात आणि कॅचर एकटी त्या आठ जणींकडे तोंड करून असते. संपूर्ण मैदान समोर दिसणारी ती एकमेव खेळाडू. म्हणून कुठला चेंडू टाकायचा हे तीच मागते. मांड्यांच्या मध्ये हात लपवून बोटांनी खूण करते: एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा, असं त्यांचं आपसात ठरलेलं असतं. खूण देताना तिचा ग्लोव्ह डाव्या गुडघ्यापुढे आडवा येतो, कारण तिसऱ्या बेसच्या बाजूला उभ्या असलेल्या समोरच्या कोचला बोटं दिसता कामा नयेत. पुढच्या वेळी नीट बघा. पिचर मान हलवते का? हलवली तर तिला ती खूण पटली नाही. मग तुमची मुलगी दुसरी देते, की तीच पुन्हा देते? चौदा-पंधरा वर्षांच्या दोन मुली एक शब्द न बोलता वाद घालतात आणि तो मिटवतात. मला हे कितीही वेळा बघितलं तरी पुरत नाही.

चेंडू मातीत आपटून येतो तेव्हा ती तो पकडायला जात नाही, हेही बघा. दोन्ही गुडघे टेकते, खांदे पुढे झुकवते, हनुवटी छातीला लावते आणि चेंडू अंगावर घेते, म्हणजे तो पुढ्यातच पडतो. चेस्टगार्ड आणि मास्क असूनही हे करायला छाती लागते. डोळे मिटून मान वळवायची शरीराची सवय असते, ती मोडायला महिने जातात. मी पहिले पंधरा दिवस कॅचरला नुसते टेनिसचे चेंडू फेकतो, हात मागे बांधल्यासारखे ठेवायला सांगून.

आणि तिची खरी परीक्षा म्हणजे स्टील, रनरने बेस चोरणं. रनर पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर पळते तेव्हा तिला ९० फूट कापायचे असतात, त्यातले काही तिने आधीच खाल्लेले असतात. कॅचरला होम प्लेटवरून दुसऱ्या बेसपर्यंत फेकायचं असतं १२७ फूट. बसल्या जागेवरून उठून, पाय जुळवून, बॅटरला चुकवून. मोठ्या स्पर्धांत चेंडू ग्लोव्हमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत दोन सेकंद लागले तर चांगलं मानतात. शाळेत एवढं होत नाही आणि होऊ नये. तुमच्या मुलीचा थ्रो एक टप्पा पडून गेला तरी सरळ गेला तर मी टाळ्या वाजवतो.

एक काळजीची गोष्ट इथेच सांगतो. कॅचर जवळजवळ पिचरइतक्याच वेळा फेकते, त्यामुळे तिच्या कोपराकडे आणि खांद्याकडे लक्ष असू द्या. सराव करून आल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणाली तर दोन दिवस फेकणं बंद, आणि थांबलं नाही तर डॉक्टरकडे. 'खेळात दुखतंच' असं कुणी सांगितलं, मी जरी सांगितलं, तरी ऐकू नका. आणि ग्लोव्ह नसलेला हात चेंडू येताना पाठीमागे, अंगठा मुठीत, ही सवय लागेपर्यंत घरी रोज आठवण करा. बोटांची टोकं फुटतात ती तिथेच.

क्रिकेटवाल्याला अडखळायला होतं ते थोडक्यात सांगतो. चेंडूला टप्पा नाही, तो हवेतूनच येतो. मारायचं ते पुढच्या नव्वद अंशांतच, आपला लेट कट इथे फाउल ठरतो. बॅट गोल, चेंडू गोल, त्यामुळे नीट लागणं हेच दुर्मीळ. आणि चेंडू मैदानात मारला की पळावंच लागतं, तटवून काढायची सोय नाही. ओव्हर नाहीत, वेळ संपली म्हणून सामना सुटत नाही. मोठ्या सामन्यात नऊ डाव, प्रत्येकी तीन, म्हणजे सत्तावीस आऊट काढल्याशिवाय जिंकता येत नाही. बरोबरी झाली तर आणखी डाव. १९८१ साली अमेरिकेतल्या पॉटकेट गावी दुय्यम लीगचा एक सामना ३३ डाव चालला. पहाटे चारनंतर ३२ डावांवर थांबवला आणि उरलेला एक डाव दोन महिन्यांनी खेळवला. आघाडी घेऊन बसून राहता येत नाही, शेवटच्या बॅटरलाही चेंडू टाकावाच लागतो. हे मला फार आवडतं.

मैदान आखताना या खेळाची मापं हाताला कळतात. माझ्या मते क्रीडाशिक्षकाने निदान एकदा तरी हे स्वतः करावं. होम प्लेटच्या टोकाला खुंटी ठोकायची, टेपने १२७ फूट ३ इंच आणि वर थोडं धरून दुसऱ्या बेसची खुंटी, मग दोन्हीकडून ९०-९० फुटांच्या सुतळ्या ताणायच्या. त्या जिथे भेटतात तिथे पहिला आणि तिसरा बेस. मग फक्की मारायची. बरेच नवे शिक्षक पिचरची जागा कर्ण छेदतात तिथे धरतात आणि तिथे चूक होते. मध्य येतो साडेत्रेसष्ट फुटांच्या थोडा पुढे, आणि पिचरची पट्टी असते होम प्लेटपासून साठ फूट सहा इंचांवर, म्हणजे मध्याच्या तीन फूट अलीकडे. हे अंतर १८९३ पासून बदललेलं नाही. पट्टीखालचा उंचवटा मात्र बदलला. पूर्वी तो १५ इंच असायचा, १९६८ च्या मोसमात पिचर इतके भारी पडले की पुढच्या वर्षापासून तो १० इंचांवर आणला. आमच्याकडे हा उंचवटा उभा करणं हेच एक काम असतं. शालेय स्पर्धा पावसाळ्याला लागून येतात आणि खान्देशातली काळी माती पाऊस पडला की बुटाला किलोभर चिकटते, उघडीप मिळाली की भेगाळते. नुसत्या काळ्या मातीचा उंचवटा दोन डावांत पिचरच्या पायाखाली खचतो. खाली मुरूम कुटून घ्यायचा, वर मातीचा थर, पाणी मारून रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवायचा, तेव्हा कुठे तो मॅचभर टिकतो.

मातीवरून आठवलं. क्रिकेटमध्ये चेंडूची चकाकी जपतात, पँटला घासतात. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये नवा चेंडू सामन्याआधी चिखलाने चोळतात. डेलावेअर नदीकाठचा एक खास चिखल आहे, गेली अनेक दशकं तोच वापरतात, म्हणजे चामड्याचा गुळगुळीतपणा जाऊन पिचरला पकड मिळते. त्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात आणि ते हाताने घातलेले असतात. जपमाळेचे मणीही १०८, हे मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगतो आणि टाके मोजायला लावतो. मोजताना बोटांना शिवण ओळखीची होते. पुढे तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवं ठेवून वेगवान चेंडू धरायला शिकवायचं असतं, त्याची ती तयारी.

तुमच्या मुलीला एक गोष्ट लवकर कळणार आहे: या खेळात बहुतेक वेळा अपयशच येतं. दहा वेळा बॅटिंगला येऊन तीन वेळा हिट मारणारी बॅटर उत्तम समजली जाते, म्हणजे सात वेळा ती मान खाली घालून परत येते. १९४१ सालची गोष्ट आहे. बोस्टनच्या टेड विल्यम्सची सरासरी, म्हणजे हिट भागिले बॅटिंगच्या वेळा, मोसमाच्या शेवटच्या दिवशी .३९९५५ होती. तीन दशांश स्थळांपर्यंत धरली तर .४०० भरत होती. न खेळता बसला असता तरी ती त्याच्या नावावर लागली असती. त्या दिवशी दोन सामने होते. तो दोन्ही खेळला, आठ वेळांत सहा हिट मारल्या आणि .४०६ वर थांबला. अमेरिकन आणि नॅशनल या दोन मोठ्या लीगमध्ये त्यानंतर कुणालाही पूर्ण मोसमात .४०० गाठता आलेली नाही. मी हे मुलींना स्पर्धेच्या आदल्या रात्री सांगतो.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहते. त्याच काळात अमेरिकेत एक कॅचर होता, जॉश गिब्सन. काळा म्हणून त्याला मोठ्या लीगमध्ये कधी घेतलं नाही, तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला. २०२४ साली मेजर लीगने त्या लीगचे आकडे अधिकृत धरले, तेव्हा १९४३ च्या मोसमातली त्याची .४६६ सरासरी आणि संपूर्ण कारकिर्दीची .३७२ या दोन्ही सर्वकालीन यादीत पहिल्या आल्या. हे बघायला तो नव्हता. जानेवारी १९४७ मध्ये पस्तिशीतच तो गेला, आणि तीन महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ ला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ते दार उघडलं. रॉबिन्सनचा ४२ क्रमांक १९९७ मध्ये सगळ्या संघांनी निवृत्त केला. दरवर्षी १५ एप्रिलला मात्र प्रत्येक खेळाडू पाठीवर ४२ घालून खेळतो. आपल्याकडे आदल्या दिवशी भीमजयंतीची मिरवणूक असते. निळ्या झेंड्यांतून रात्री घरी यायचं आणि दुसऱ्या रात्री झोपून पहाटे साडेचारला उठून बघायचं तर मैदानभर ४२. मला त्या दोन दिवसांत अंतर वाटत नाही. आपले दलित क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, आणि पुण्यात त्यांना चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. तुमच्या मुलीला गिब्सनचं नाव सांगा, तो तिच्याच जागेवर खेळायचा. आणि बाळूंचंही सांगा.

पंचाबद्दलही थोडं लिहितो, कारण तालुक्याच्या मॅचला वडीलमंडळी पंचांवर फार चिडतात. पहिल्या बेसवरचा निर्णय डोळ्यांनी होत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. पंच रनरच्या पायाकडे बघतो आणि चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज कानाने घेतो. आधी आवाज आला तर आऊट, आधी पाय पडला तर सेफ. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सामन्यात मी पहिल्या बेसवर होतो. शेवटचा आऊट, शॉर्टस्टॉपचा थ्रो आला, आणि नेमका त्याच वेळी शेजारच्या रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. मला आवाज आलाच नाही. मी हात पसरून सेफ दिलं. हात पसरतानाच फर्स्ट बेसवालीचा चेहरा दिसला आणि मला कळलं की आऊट होतं. पुढच्या चेंडूवर रन झाला आणि तिचा संघ हरला. ती मुलगी एक शब्द बोलली नाही. ग्लोव्हमधला चेंडू काढून तिने पिचरच्या पट्टीवर ठेवला आणि गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं. गेलो नाही, ते मला आजही बोचतं.

२ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये हेच सगळ्या जगासमोर झालं. अर्मांडो गलारागा या पिचरने सव्वीसच्या सव्वीस बॅटर आऊट केले होते, एकही बेसवर पोचला नव्हता. सत्ताविसावा आऊट झाला असता तर परफेक्ट गेम, जो सगळ्या इतिहासात मोजक्याच पिचरना साधला आहे. गलारागा स्वतः पहिल्या बेसवर धावला, चेंडू घेतला, पाय टेकवला. पंच जिम जॉयस यांनी सेफ दिलं. रिप्लेत आऊट स्वच्छ दिसत होतं, पण तेव्हा अशा निर्णयासाठी रिप्ले चालत नव्हता. गलारागा नुसता हसला, परत गेला आणि पुढच्या बॅटरला आऊट केलं. जॉयस यांनी नंतर चित्रफीत बघितली आणि सरळ मान्य केलं की आपण त्या मुलाचा परफेक्ट गेम घालवला. दुसऱ्या दिवशी तेच होम प्लेटमागे पंच होते. संघाची यादी पंचाला द्यायला कोच येतो, त्या दिवशी गलारागा आला. जॉयस यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी यादी घेतली आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. मी हे पाहिलं तेव्हा मला ती पट्टीवर चेंडू ठेवणारी मुलगी आठवली. त्यानंतर माझा निर्णय चुकला असं वाटलं की मॅच संपल्यावर मी स्वतः जाऊन सांगतो.

बेसबॉल मुलींचा खेळ आहे का, असं तुमच्या घरातलं कुणीतरी विचारेल. अमेरिकेत १९४३ ते १९५४ मुलींची व्यावसायिक बेसबॉल लीग चालली. महिलांच्या विश्वचषकात जपानने ओळीने सात विजेतेपदं मिळवली आहेत, आणि २०१६ साली भारताचा महिला संघही त्या स्पर्धेत उतरला होता. तिला पुढे सॉफ्टबॉलकडे जायचं झालं तरी बिघडत नाही. तिथे चेंडू मोठा, बेसमधलं अंतर ६० फूट आणि पिचरचा हात खालून येतो. पण कॅचरचं काम तेच, आणि चांगल्या कॅचरला दोन्हीकडे बोलावणं येतं.

आता पुढच्या मॅचला काय करायचं ते. मैदानाच्या कडेला उभे राहू नका. होम प्लेटच्या मागे, जाळीच्या पाठीमागे थोडं पहिल्या बेसच्या बाजूला बसा. तिथून मुलीचा ग्लोव्ह आणि पिचरचा चेहरा दोन्ही दिसतात. सोबत एक शंभर पानी वही आणि पेन न्या. प्रत्येक जागेला आकडा आहे: पिचर १, कॅचर २, मग फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६ आणि मागच्या तिघी डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून सेकंड बेसला, तिथून फर्स्टला, दोन आऊट, तर लिहायचं ६-४-३. स्ट्राईक आऊटला इंग्रजी 'के'. ही लिहायची पद्धत बसवण्यात मोठा हात होता हेन्री चॅडविक यांचा. ते इंग्लंडात जन्मले, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचे आणि मग बेसबॉलच्या प्रेमात पडले. म्हणजे तुमच्याच वाटेने आलेला माणूस.

वहीत दोन गोष्टी लिहिताना नीट बघा. कुणाच्या चुकीमुळे रनर पुढे गेली तर ती चूक करणारीच्या नावावर लागते, आणि त्या चुकीमुळे झालेला रन पिचरच्या खात्यात धरत नाहीत. तसंच बॅटरने मुद्दाम हलका बंट मारून स्वतः आऊट होऊन रनरला पुढच्या बेसवर नेलं, तर ते तिच्या सरासरीत अपयश म्हणून मोजत नाहीत. वेगळं लिहितात, आणि सॅक्रिफाइस म्हणतात. इतक्या बारकाईने न्याय करणारी दुसरी वही मी कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

पहिल्या मॅचला तुमचं निम्मं लिहायचं राहून जाईल. चालेल. मी बहुतेक स्कोअररच्या टेबलापाशीच असतो. डावांच्या मध्ये या, राहिलेलं माझ्या शीटवरून उतरवून घ्या.

आणि घरी गेल्यावर किती रन झाले ते तिला विचारू नका, ते तुमच्या वहीत असेलच. शेवटच्या डावात थर्ड बेसवर रनर होती, मोजणी तीन-दोन होती, पिचरने दोनदा मान हलवली, तेव्हा तू शेवटी कुठला चेंडू मागितलास, हे विचारा. भाकरी गार होईपर्यंत सांगत बसेल.